हँडब्रेक धरत नाही? दांड्याकडून नको, चाकाकडून सुरुवात करा

पूर्वी पाच-सहा खटक्यांत घट्ट होणारा हँडब्रेक आता दहा-बारा खटके खातो, तरी उतारावर गाडी हळूच सरकते. अशा वेळी नवखा माणूस हटकून एकच काम करतो. दांड्यामागचं प्लास्टिकचं कव्हर उचकटतो, केबलचा नट दिसतो, पाना घेऊन तो पिळतो. दांडा पुन्हा घट्ट होतो आणि माणूस खूश.

मीही तसाच खूश झालो होतो. पंधरा-वीस दिवसांनी गाडी लावून उतरलो की मागून करपट वास यायला लागला. डाव्या रिमपाशी हात नेला तर धग लागली. चाक खोलल्यावर कळलं की कॅलिपरची, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटणाऱ्या भागाची, एक पिन गंजून जाम झाली होती. पॅड नीट दाबलाच जात नव्हता, म्हणून हँडब्रेक सैल वाटत होता. वर मी नट पिळून केबल कायमची ताणून ठेवली, त्यामुळे ब्रेक पूर्ण सुटणंही बंद झालं. थोड्याशा ग्रीसने सुटलं असतं त्या कामात मी पॅडची जोडी आणि एक डिस्क घालवली.

म्हणून या लेखातला क्रम उलटा आहे. आधी चाक, मग कॅलिपर, मग केबल आणि दांड्याचा नट सगळ्यात शेवटी.

तुमच्या गाडीत कोणता हँडब्रेक आहे?

मागच्या चाकाला ड्रम असेल तर केबल आतले ब्रेक शू (ड्रमला आतून घासणारे अर्धगोल तुकडे) फाकवते. मागे डिस्क असेल तर दोन शक्यता. बऱ्याच गाड्यांत कॅलिपरच्या पाठीमागे एक छोटा लिव्हर असतो, केबल तो ओढते आणि आतला स्क्रू पिस्टनला पुढे ढकलतो. म्हणजे पायाचा आणि हाताचा ब्रेक एकाच पिस्टनवर चालतो. काही गाड्यांत मात्र डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या भागात लहानसे ड्रम ब्रेक दडवलेले असतात. तिथे कॅलिपरचा हँडब्रेकशी काही संबंध नसतो.

दांड्याऐवजी बटण असेल तर तो इलेक्ट्रॉनिक प्रकार. बहुतेकदा कॅलिपरवरच एक मोटार बसवलेली असते. स्कॅनर लावून किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने गाडी सर्व्हिस मोडमध्ये टाकल्याशिवाय त्याचा पिस्टन मागे ढकलायचा नाही. जबरदस्ती केलीत तर आतली यंत्रणा तुटते. पहिल्याच खेपेला हे काम अंगावर घेऊ नका, असं मी म्हणेन.

पुढचा बराचसा मजकूर लिव्हरवाल्या कॅलिपरबद्दल आहे, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

खोलण्याआधी दोष ओळखा

वीसेक मिनिटं गाडी चालवा, शक्यतो ब्रेक कमी वापरून. थांबल्यावर चारही रिमजवळ हाताची पालथी बाजू न्या. डिस्कला हात लावू नका, भाजेल. एकच चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथे ब्रेक अडकतोय. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर विरुद्ध बाजूचा पुढचा कॅलिपर काम करत नसण्याची शक्यता मोठी. ब्रेक न दाबताच ओढत असेल तर ज्या बाजूला ओढते त्या बाजूचा कॅलिपर अडकलेला असू शकतो.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावरही विझत नसेल तर लगेच दांड्याच्या स्विचला दोष देऊ नका. बहुतेक गाड्यांत ब्रेक ऑइल कमी झाल्यावर तोच दिवा लागतो. बॉनेट उघडून टाकीतली पातळी बघा. पॅड झिजले की पातळी आपोआप थोडी उतरते. पण भराभर उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही.

गाडी उचलताना

जमीन सपाट आणि टणक हवी. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर पहिला गिअर टाका, ऑटोमॅटिक असेल तर 'पी'. मागच्या चाकांवर चालणारी असेल तर ती न्यूट्रलमध्येच लागते, नाहीतर मागची चाकं फिरणार नाहीत. मग सगळी भिस्त ठोकळ्यांवर, तेव्हा ते भक्कम असू द्या. हँडब्रेक पूर्ण सोडलेला हवा.

चाकाचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा. गाडी उचलल्यावर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी स्टँड लावा आणि जॅक उतरवून वजन स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा, तो शेवटचा आधार.

सामान फार लागत नाही: पान्यांचा सेट, टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच नट घट्ट करणारा), वायर ब्रश, बारीक पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनर, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस, मजबूत तार आणि पिस्टन फिरवून आत घालायचं टूल. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल इथे चालत नाही. पेट्रोलियमपासून बनलेल्या वंगणाने ब्रेकमधलं रबर फुगतं, आणि मोकळी केलेली पिन काही महिन्यांत पुन्हा जाम होते. ब्रेकची काळी धूळ हवेने फुंकून उडवू नका, ती फुफ्फुसात जाते. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉसही असू शकतं. क्लीनर मारून फडक्याने पुसा आणि मास्क लावा.

कॅलिपर उतरवणं

खोलण्याआधी मोबाईलवर दोन-चार फोटो काढून ठेवा. क्लिपा कशा बसल्या होत्या, हे तासाभराने कुणालाच आठवत नाही.

आधी कॅलिपरच्या लिव्हरमधून केबलचं टोक काढा. लिव्हर हाताने पुढे ढकलला की केबल सैल पडते आणि तिची गोळी खाचेतून निसटते. केबल काढल्या काढल्या एक तपासणी करून घ्या. लिव्हर हाताने पूर्ण फिरवा आणि सोडा. स्प्रिंगच्या जोराने तो ताडकन जागेवर येऊन ठेप्याला टेकला पाहिजे. रेंगाळत आला किंवा मधेच थांबला, तर लिव्हर ज्या दांडीवर फिरतो ती कॅलिपरमध्ये गंजलीय. गंज सोडवणाऱ्या स्प्रेने तो तात्पुरता सुटतो, पण पाण्याचे दिवस आले की पुन्हा अडकतो. असा कॅलिपर सरळ बदलावा.

आता मागचे दोन छोटे बोल्ट. बोल्टबरोबर पिनही फिरत असेल तर पिनेच्या चपट्या भागावर दुसरा पाना धरा. बोल्ट निघाले की कॅलिपर हलवत हलवत पॅडवरून वर उचला. उतरलेला कॅलिपर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. ब्रेक ऑइल आणणाऱ्या रबरी नळीवर, म्हणजे होजवर, तो लोंबकळत ठेवलात तर होज आतून फाटतो, आणि बाहेरून काही दिसतसुद्धा नाही. कॅलिपर उतरलेला असताना कुणीही ब्रेकच्या पेडलवर पाय द्यायचा नाही.

पॅड काढून शेजारी शेजारी ठेवा आणि नीट बघा. अर्धं निदान इथेच होतं. दोन्ही सारखे झिजलेले असतील तर यंत्रणा ठीक आहे. एक पातळ आणि एक जाड असेल तर कॅलिपर सरकत नाहीये किंवा पिस्टन मागे येत नाहीये. एकच पॅड एका टोकाला पाचरीसारखा तिरपा झिजला असेल तर दोनपैकी एक पिन जाम आहे. अस्तर ३ मिलिमीटरपर्यंत आलं असेल तर पॅड बदला, तेही दोन्ही चाकांचे एकदम. डिस्कची किमान जाडी तिच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कोरलेली असते. त्याखाली गेलेली डिस्क पुन्हा लावायची नाही.

पिना: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

कॅलिपर ज्या चौकटीवर बसतो तिच्यात दोन गुळगुळीत पिना असतात. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर या पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना सरकल्या नाहीत तर एकटा आतला पॅड राबतो. ब्रेकच्या निम्म्या तक्रारी या दोन बोटांएवढ्या पिनांपाशी येऊन थांबतात, असा माझा अनुभव आहे.

पिन ओढून बाहेर काढा. चांगली पिन हाताने निघते. जाम झालेली असेल तर बूट (पिनेवरचं रबरी आवरण) बाजूला करून स्प्रे मारा आणि पान्याने डावी-उजवीकडे थोडी थोडी फिरवत सोडवा. हातोडीने ठोकू नका. बाहेर आलेल्या पिनेवर वाळलेलं, तपकिरी, खवल्यासारखं ग्रीस दिसेल. ते क्लीनरने धुवा. हलका गंज पॉलिश पेपरने जातो. पण नखाला खड्डे लागत असतील तर पिन नवी घ्या. पिन जिथे बसते ते भोकही तितकंच साफ करा. सुती काडीने किंवा चिंधी गुंडाळलेल्या तारेने आतलं जुनं ग्रीस काढा. लोक चकचकीत पिन घाणेरड्या भोकात घालतात आणि महिनाभरात परत येतात.

बऱ्याच कॅलिपरमध्ये दोन पिना सारख्या नसतात. एकीच्या टोकाला रबरी बूश असतो, दुसरी साधी असते. कोणती वरची आणि कोणती खालची, ते लक्षात ठेवा. त्यांची अदलाबदल झाली तर कॅलिपर पुन्हा अडखळतो.

सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. भोक भरून ग्रीस ठासलंत तर आत हवेला जागा उरत नाही आणि पिन पूर्ण जात नाही. बरोबर बसलेली पिन कशी ओळखायची? अंगठ्याने आत दाबा आणि सोडा. आत कोंडलेली हवा तिला किंचित बाहेर ढकलते. तो हलका उसळा जाणवला की समजा, काम झालं. फाटका बूट मात्र तसाच ठेवू नका, पाणी तिथूनच शिरतं.

चौकटीत पॅडचे कान जिथे बसतात त्या खाचा वायर ब्रशने घासा. तिथल्या पत्र्याच्या क्लिपांखाली गंज साचून क्लिप वर उचलली जाते आणि पॅड अडकतो. पॅड खाचेत बोटाने सरकला पाहिजे.

पिस्टन आत घालणं

पुढच्या चाकांचा पिस्टन जुना पॅड आड धरून क्लॅम्पने सरळ दाबला तरी आत जातो. मागच्या लिव्हरवाल्या कॅलिपरमध्ये हे करायचं नाही. तिथला पिस्टन स्क्रूवर बसलेला असतो, तो दाबत दाबत फिरवावा लागतो. साधारणपणे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, पण काही गाड्यांत एका बाजूचा उलटा फिरतो. म्हणून मॅन्युअल बघा. पिस्टनच्या तोंडावर खाचा असतात, टूलची टोकं त्यात बसतात.

फिरवण्याआधी धुळीच्या रबरी बुटाच्या ओठाला थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. नाहीतर पिस्टनबरोबर बूटही पिळला जातो आणि फाटतो. ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकणही सैल करून ठेवा. पिस्टन आत गेला की ऑइल वर चढतं. काठोकाठ असेल तर सिरिंजने थोडं काढून घ्या. रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. ते रंग खातं.

शेवटी पिस्टनच्या खाचा अशा फिरवून ठेवा की पॅडच्या पाठीवरची खुंटी त्यात बसेल. ही खुंटी पिस्टनला फिरू देत नाही. ती बाहेर राहिली तर पॅड वाकडा बसतो आणि हँडब्रेक कधीच नीट लागत नाही. सगळं नवं टाकूनही हँडब्रेक सैलच, या तक्रारीमागे पुष्कळदा हीच खुंटी असते.

पिस्टन हलतच नसेल तर

पिस्टनभोवती चौकोनी कापाची रबरी सील असते. ब्रेक दाबला की ती पिस्टनबरोबर थोडी वाकते, सोडला की सरळ होते आणि पिस्टनला केसभर मागे ओढते. पिस्टनवर गंज चढला किंवा सील कडक झाली की हे मागे येणं थांबतं.

पण पिस्टनला दोष देण्याआधी होज तपासा. जुना होज आतून सुजतो. पायाचा जोर ऑइल पुढे ढकलतो, पण ते परत येत नाही. तपासायला पॅड, कॅलिपर आणि चाक पुन्हा तात्पुरतं बसवा, पेडल दाबून सोडा आणि चाक अडकलं की कॅलिपरचा निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) जरा उघडा. पिचकारी उडून चाक मोकळं झालं तर दाब कोंडलेला होता, म्हणजे होज संशयित. निपल उघडूनही चाक घट्टच राहिलं तर पिस्टन, पिना किंवा केबल.

पुढच्या साध्या कॅलिपरला सील आणि बुटाचा किट घालून जीव देता येतो. पिस्टनवर खड्डे नसतील तरच. मागचा लिव्हरवाला कॅलिपर आतून खोलायच्या भानगडीत नवख्याने पडू नये. स्प्रिंग, स्क्रू, वॉशर यांचा तो पसारा परत जमत नाही. पूर्ण कॅलिपर घ्या. बसवताना होजच्या बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे लावा आणि निपल वरच्या बाजूला आहे ना, बघा. डावा-उजवा उलटा बसला तर निपल खाली येतो, हवा वरच अडकून राहते आणि तुम्ही दिवसभर पेडल मारत बसता.

होज सोडला असेल तर हवा काढावीच लागते. निपलला पारदर्शक नळी लावा, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडायचा, बुडबुडे आले की बंद करायचा, मगच पाय सोडायचा. टाकी रिकामी होऊ देऊ नका. आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हे. बाटलीवर 'डॉट' आणि आकडा असा त्याचा प्रकार लिहिलेला असतो. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ग्लायकॉलवर आधारलेले असतात आणि हवेतलं पाणी शोषतात. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३०° सेल्सिअस असावा लागतो, पाणी शोषल्यावरची मर्यादा १५५° आहे. म्हणून उघडी पडलेली जुनी बाटली वापरू नका. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळायचं नाही.

आता केबल

चाकाकडचं टोक सुटलेलंच आहे. दुसऱ्या माणसाला दांडा हळू ओढायला आणि सोडायला सांगा. तार सहज आत-बाहेर झाली पाहिजे. ओढली जाते पण परत येत नाही, तर बाहेरच्या आवरणाला कुठेतरी चीर पडून आत पाणी गेलंय. अशा केबलमध्ये तेल सोडून फार दिवस निघत नाहीत, बदला. एकच मागचं चाक धरत असेल तर दोन्ही केबलींवर ताण वाटणारी मधली पट्टी गंजून तिरकी अडकली आहे का, तेही बघा.

मागे ड्रम असतील तर तत्त्व तेच. दांड्याचा नट ढिला करा, ड्रमच्या आतलं दातेरी चाक फिरवून शू ड्रमला हलके घासतील एवढे बाहेर आणा, दोन-तीनदा पेडल दाबून शू मध्यावर बसू द्या, मग घासणं जेमतेम थांबेल इतकं मागे घ्या. ड्रम निघत नसेल तर त्यावरच्या दोन आट्यांच्या भोकांत बोल्ट घालून आळीपाळीने पिळा, तो स्वतःच बाहेर ढकलला जातो.

सगळ्यात शेवटी दांड्याचा नट

पॅड, कॅलिपर, बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने बसवा. केबल अजून सैलच असू द्या. आता पेडल हळूहळू वीस-तीस वेळा दाबा. पहिल्या काही वेळा पेडल थेट खाली जाईल, घाबरू नका, पिस्टन पॅडपर्यंत येतोय. बहुतेक कॅलिपरमध्ये आतला स्क्रू याच वेळी झीज भरून काढतो. मात्र त्यासाठी लिव्हर ठेप्याला टेकलेला असावा लागतो. केबल आधीच ताणली तर हे होतच नाही.

पेडल टणक झालं की नट थोडा थोडा पिळा. दांडा खाली असताना दोन्ही लिव्हर ठेप्याला टेकलेले आणि चाकं हाताने मोकळी फिरणारी हवीत. दोनेक खटक्यांवर दोन्ही चाकं सारखी जड व्हायला लागावीत आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापर्यंत पूर्ण अडकावीत. बऱ्याच गाड्यांत हा आकडा चार ते आठच्या दरम्यान असतो. एक चाक आधी अडकत असेल तर नट पिळून उपयोग नाही, त्या चाकाकडे परत जा.

चाकं लावा, गाडी खाली घ्या, नट टॉर्क पान्याने घट्ट करा. इंजिन चालू करून पेडल पुन्हा दाबून बघा. पहिली चाचणी मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगाने. नवे पॅड असतील तर रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम जोराने वेग उतरवा. दर दोन वेळांत थोडं अंतर जाऊ द्या आणि पॅड तापलेले असताना ब्रेक दाबून गाडी उभी धरू नका. मग उतारावर न्यूट्रलमध्ये हँडब्रेक लावून पाय पेडलजवळच ठेवा आणि बघा.

तिथून परतल्यावर पुन्हा एकदा चारही रिमजवळ पालथा हात न्या. मागची दोन्ही सारखी कोमट लागली तर हत्यारं आवरायला हरकत नाही. चाकाचे नट मात्र ५०-१०० किलोमीटरनंतर आणखी एकदा तपासायचे आहेत.